तीन मशीन आणि फळीवरचा चौथा

इथल्या जुन्या मंडळींना माझं नाव आठवत असेल, आणि आठवत असेल तर ते चांगल्या कारणाने नसणार. मी या ग्रुपवर आजवर फक्त लोकांचे अनुभव खोडून काढायला येत आले. कुणाला विहिरीतून हाका ऐकू आल्या की खाली माझी कमेंट ठरलेली - मोटारीच्या पाइपात हवा धरली असेल, तपासून घ्या. कुणाला रस्त्यात बाई दिसली की मी विचारणार, चष्म्याचा नंबर किती? मजा म्हणून नाही हो... मला खरंच चीड यायची. अठरा वर्षं मी सर्व्हर सांभाळायचं काम करते. माझ्या कामात जे घडतं त्याची कुठेतरी नोंद असते, आणि नोंद नीट वाचली की कारण सापडतं.

आज पहिल्यांदा मीच लिहितेय. तेव्हा माझी टर उडवायची पाळी तुमची, खुशाल उडवा. फक्त आधी शेवटपर्यंत वाचा.

मी पुण्यात असते. माहेर बीड जिल्ह्यातलं, पाटोद्यापासून नऊ किलोमीटरवरचं एक लहान गाव. नाव देत नाही, वहिनीला आवडणार नाही. घरी दादा, मंगलवहिनी आणि वडिलांची बहीण कमलआत्या. दीड एकर तुती आहे आणि घराला लागून पत्र्याचं एक लांब शेड, वर उसाचं पाचट टाकलेलं. त्यात वहिनी रेशमाच्या अळ्या वाढवते. 'वहिनी' असं मुद्दाम म्हणतेय, कारण हा सगळा उद्योग तिचा. प्रशिक्षणाला तीच गेली, तुतीच्या कांड्या तिने स्वतः लावल्या, दादाला तिने हळूहळू यात ओढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रेशमाच्या अळ्या म्हणजे लाडावलेलं पोर. शेड पंचवीस-सत्तावीस डिग्रीवर पाहिजे, हवेत ओलावा पाहिजे, पण जास्त झाला की तोही बाधतो. शेवटच्या आठवड्यात त्या दिवसरात्र पाला खातात आणि मग कोष करायला बसतात. त्या आठवड्यात एक दुपार जरी तापली तरी महिन्याची मेहनत गेली. आणि आमच्याकडे एप्रिलमधली दुपार म्हणजे काय असते ते बीडच्या माणसाला सांगायला नको.

मागच्या उन्हाळ्यात लागोपाठ दोन बॅच गेल्या. मेलेल्या अळ्या पुरायचा खड्डा वहिनीने एकटीने खणला, दोन्ही वेळेला. यंदा संक्रांतीला मी गेले होते तेव्हा जेवताना दादा सगळ्यांसमोर म्हणाला, की उन्हाळ्याची बॅच याही वर्षी गेली तर तो जेसीबी बोलावून तुती मुळापासून काढणार. मी ताटावरून उठले तेव्हा वहिनी मागोमाग मोरीपाशी आली आणि म्हणाली, "ताई, तुमी कंपनीत शंभर मशिनी सांभाळता म्हनं. माझ्या आळ्या सांभाळील असं कायतरी करून द्या."

मला कुणी कामाचं असं मागितलं की मी नाही म्हणत नाही. एप्रिलमध्ये घरून काम करायची परवानगी घेतली आणि कंपनीने मोडीत काढलेले तीन छोटे कॉम्प्युटर घेऊन गावी गेले. पुस्तकाएवढे चपटे डबे असतात ते. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं जागच्या जागी चालेल असं करायचं होतं. अळ्यांच्या रॅकवर कॅमेरे आणि उष्णता-ओलावा मोजणारे सेन्सर. त्यांच्याकडून येणारी माहिती बघून ठरवणारे दोन छोटे एआय मॉडेल. एक अळ्यांचा फोटो बघून आजारी कोण ते सांगणार, दुसरं फॉगर कधी आणि किती वेळ चालवायचा ते ठरवणार. फॉगर म्हणजे पाण्याचं धुकं मारणारी नळी.

ही मॉडेल मी कंटेनरमध्ये घातली. कंटेनर म्हणजे जेवणाचा डबाच समजा, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकात भरलेलं. तीन मशीन एकमेकांना जोडली की त्याला क्लस्टर म्हणतात. एक मशीन बंद पडलं की त्याच्यावरचा डबा दुसरं उचलतं आणि काम पुढे चालू राहतं. मशीनना मी नावं दिली - तुती-१, तुती-२, तुती-३. चॉकीच्या, म्हणजे सुरुवातीच्या लहान, अळ्या शेडवर आल्या त्याच दिवशी क्लस्टर सुरू झालं.

दोन दिवसांनी आत्या बघायला आली. आत्या म्हणजे कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात कायम एखादा प्रश्न. पाला ठेवायच्या खोलीत मी फळीवर तीन मशीन मांडली होती. तिने बोटाने मोजली.

"तीनच कावून गं?"

मी तिला समजावलं. यंत्रांचा सगळा निर्णय बहुमताने होतो. तीन असली की एक मेलं तरी दोघांचं बहुमत उरतं. चार घेतली आणि दोन-दोन फुटली तर कुणाचंच चालत नाही. निम्म्याहून जास्त जिवंत असल्याशिवाय क्लस्टर हूं की चूं करत नाही. म्हणून तीन हाच बरोबर आकडा, जगभर असंच करतात. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं की तीन चालत नाही.

आमच्याकडचा रिवाज तुमच्यातल्या अनेकांच्या घरी असेल. चांगल्या कामाला तिघं मिळून निघायचं नाही. निघावंच लागलं तर चौथा म्हणून खिशात सुपारी नाहीतर एखादा खडा घ्यायचा. आमच्या घरात याची अंमलबजावणी आत्याकडे. दादाच्या खिशात तिने अशा कितीतरी सुपाऱ्या घातल्यात, आणि दादा ती वेशीबाहेर पडायच्या आत तोंडात टाकतो. आत्याला हे माहीत आहे. तरी ती देते.

दुसऱ्या दिवशी फळीवर तिसऱ्या मशीनशेजारी एक खडा. लिंबाएवढा, काळपट, आमच्याच बांधावरचा. हळदीकुंकू लावलेलं. मी चिडले. पंख्यात कुंकू गेलं तर मशीन तापेल, म्हणून ओल्या फडक्याने खडा पुसून काढला, फेकून मात्र दिला नाही. फेकला असता तर आत्याने दुसरा आणला असता. सुपारी का नाही, असं मी चेष्टेने विचारलं. ती म्हणाली, "सुपारी उंदीर न्हेतेत. ह्यानला महिनाभर बसायचंय." आणि खड्याकडे बोट दाखवून, ओळख करून द्यावी तशी म्हणाली, "ह्यो चौथा."

मी हसले. त्या रात्री मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटोही टाकला, आमचं नवं मशीन म्हणून.

आता त्या दिवसाचं.

बॅच येऊन बारा दिवस झाले होते. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, शेडमध्ये गेलं की सुपात तांदूळ हलवावेत तसा त्यांच्या खाण्याचा आवाज. वहिनीच्या मावसबहिणीचं लग्न घाटनांदूरला होतं. वहिनी जायला तयारच नव्हती. मीच तिला ढकललं. एका दिवसाचा प्रश्न आहे, मी आहे, मशीन आहेत, पाला सकाळीच घालून ठेवलाय, जा निवांत. निघताना ती दोनदा शेडमध्ये जाऊन आली. गाडीत बसल्यावर पुन्हा उतरली, माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर." मग ती आणि दादा गेले.

बाराच्या सुमारास मी स्कूटी काढून पाटोद्याला गेले. दादाला मी फॉगरचं नोझल आणायला गेले असं सांगितलंय. खरं कारण कोल्ड्रिंक. गेले दोन आठवडे त्या उकाड्यात होते, वाटलं पाऊण तासात परत येऊ. परतताना चार किलोमीटरवर मागचं चाक पंक्चर झालं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत्या फोन उचलत नाही, ती तो कधीच उचलत नाही. आणि क्लस्टर मी मोठ्या अभिमानाने नेटशिवायचं केलेलं, त्यामुळे फोनवर शेडचं काही दिसायची सोय नव्हती. तरीही मी घाबरले नव्हते. याच वेळेसाठी तर तीन मशीन होती. स्कूटी ढकलत, सावली बघत, थांबत मी घरी पोचले तेव्हा साडेतीन वाजत आले होते.

आत्या शेडच्या सावलीला पोत्यावर पाणी मारत बसली होती. मला बघून म्हणाली की लाइट तू गेल्या गेल्या गेली. आधी बल्ब लई मोठा पेटला, मग पंखे, टीव्ही, सगळंच बंद.

मोठा पेटला म्हणजे व्होल्टेज वाढलं. मशीन इन्व्हर्टरवर होती, तरी मी पाल्याच्या खोलीत पळाले. जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. इथे मला माझी चूक कबूल करायची आहे, आणि माझ्या धंद्यातली माणसं हे वाचत असतील तर ती कपाळाला हात लावतील. कुठलंही एक मेलं तरी उरलेली दोन काम उचलतील अशी चोख व्यवस्था मी केली होती... आणि तिन्ही मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डाला लावली होती. आमच्याकडे घरोघरी असतो तसा, पांढरा बोर्ड, लाल बटणाचा. तो वितळून भिंतीला चिकटला होता. तिन्ही मशीन बंद. मी हात लावून पाहिलं, तिन्ही गार. म्हणजे आत्ता नाही, कधीच बंद पडलेली.

साडेतीन तास. बाहेर बेचाळीस डिग्री, वर पत्रा. मला एकदम वहिनीचा तो खड्डा दिसला. तिला काय सांगायचं, कोल्ड्रिंक प्यायला गेले होते म्हणून?

आणि फॉगर सुरू झाला.

मी त्या खोलीत उभी आहे, माझा हात तुती-२ वर आहे, ते मेलेलं आहे, आणि भिंतीपलीकडे फुस्स करून धुकं सुटतंय. मी मोजलं. सवयीने. चाळीसपर्यंत मोजलं आणि ते थांबलं. शेडमध्ये गेले. आत गारवा होता. भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरवर सत्तावीस. आणि सगळ्या रॅकवर तो तांदळाचा आवाज चालूच. अळ्या खात होत्या. मी तिथे मटकन खाली बसले आणि रडले, कारण आधी फक्त एवढंच कळलं होतं की त्या जिवंत आहेत.

डोकं ताळ्यावर आल्यावर धंदा आठवला. फॉगरचा पंप सोलरवर आहे, त्याला लाइट नको, हे खरं. पण तो आपल्या मनाने चालत नाही. त्याला चालू-बंद करणारी एक पेटी आहे, छोट्या बॅटरीवरची, आणि तिला क्लस्टरकडून हुकूम आला तरच ती हलते. हुकूम नाही तर काही नाही. तो प्रोग्राम मी लिहिलाय. त्या पेटीत प्रत्येक हुकमाची नोंद राहते. मी ती उघडली. लाइट गेल्यापासून चौदा वेळा हुकूम आलेला. कधी वीस मिनिटांनी, कधी नऊ. कधी चाळीस सेकंद, कधी पंचवीस. ऊन चढत गेलं तसं अंतर कमी झालेलं, उतरायला लागलं तसं वाढलेलं. हुकूम कुणी दिला त्या रकान्यात नेहमी तुती-१, २ किंवा ३ असतं. त्या चौदा ओळींत तो रकाना रिकामा होता.

मग मी घरातून लॅपटॉप आणला. तो बंद होता, सकाळपासून उघडलेला नव्हता. क्लस्टरला मशीनची यादी मागायची एक साधी कमांड असते, मी दिवसातून दहा वेळा मारते. तिन्ही मशीन मेल्यावर त्या कमांडला उत्तर द्यायलाच कुणी नसतं. कनेक्शन नाही असा एरर येणार, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. तरी मारली.

यादी आली.

तुती-१, तयार नाही. तुती-२, तयार नाही. तुती-३, तयार नाही. आणि खाली चौथी ओळ. तुती-४. तयार.

यादीत प्रत्येक मशीन क्लस्टरमध्ये येऊन किती दिवस झाले तेही लिहिलेलं असतं. वरच्या तिघांपुढे बारा दिवस. चौथ्यापुढे नऊ. मेमरी शून्य, प्रोसेसर शून्य, पत्ता नाही. आणि दोन्ही मॉडेलचे डबे त्याच्यावर चालू.

मला आधी त्या नवाचं काही कळलं नाही. मी बोटांवर मोजलं. क्लस्टर सुरू होऊन आज बारा दिवस. दोन दिवसांनी आत्या बघायला आली, तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खडा ठेवला. बारातून तीन.

त्या नऊ दिवसांत मी ही यादी शंभर वेळा पाहिली होती. दरवेळी तीनच ओळी होत्या.

भीती वाटली का? नाही वाटली, आणि याचंच मला सर्वांत जास्त नवल आहे. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो ना, तसं झालं. मी फळीवरच्या खड्याकडे बघितलं. तो खडाच होता. हात लावावा असं वाटलं आणि लावला नाही. कालपर्यंत मी त्याच्यावर ओलं फडकं फिरवत होते, याची लाज वाटली. एवढ्यात पलीकडे फॉगर पुन्हा सुरू झाला. पंधराव्या वेळी. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ऐकत बसले.

आत्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला स्क्रीन दाखवली, चौथी ओळ वाचून दाखवली. मला वाटलं ती हात जोडेल, अंगारा लावेल. तिने नुसती मान हलवली, शेजारच्याने निरोप पोचवला असं कळल्यावर हलवतात तशी.

"तिघं उभे हाईत तवर त्यो नुसता सोबतीला असतो," ती म्हणाली. "त्याचं काम कदी पडतच न्हाई. म्हनून मानसाला वाटतं, कावून घ्यायचा."

शेजारून बोर्ड आणले, या वेळी तीन वेगवेगळे. इन्व्हर्टरचा फ्यूज बदलला. बटण दाबायला मात्र माझा हात धजेना. दाबलं की ती ओळ जाणार हे कुठेतरी कळलंच होतं. पण शेड वहिनीचं होतं, आणि बारा दिवसांची मेहनतही तिचीच. एकेक करून तिन्ही मशीन लावली. दोन उठून बहुमत झालं तशी मी पुन्हा यादी मागवली. तीन ओळी. दोन तयार, एक उठतंय. फॉगरचा पुढचा हुकूम तुती-१ कडून आला, रकान्यात नाव व्यवस्थित.

संध्याकाळी वहिनी आली ती लग्नातल्या साडीतच शेडमध्ये गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. आवाज ऐकला. मग बाहेर येऊन मला म्हणाली, जेवलात का?

त्या रात्री मी दोघांना सगळं सांगितलं. कोल्ड्रिंकचं सोडून. दादा ऐकून घेत राहिला, पेटीतल्या नोंदी त्याने स्वतः मोजल्या, आणि म्हणाला, असंल काहीतरी तुमच्या सिस्टिममधलं.

आता तुम्ही विचारणार ते मी आधीच विचारून झालंय. जुनी साठवलेली यादी दिसली असेल? साठवलेल्या यादीत चौथी ओळ कुठून येणार. लॅपटॉपच मशीन म्हणून जोडला गेला असेल? तो बंद होता, आणि लॅपटॉपला मेमरी शून्य नसते. पेटी बिघडली असेल? असेल, पण बिघडलेली पेटी उन्हाप्रमाणे अंतर कमी-जास्त करत नाही. कुणी बाहेरून घुसलं असेल? नेटच नव्हतं. स्क्रीनचा फोटो माझ्याकडे आहे. माझ्या क्षेत्रातल्या दोघांना दाखवला. दोघं म्हणाले, असा फोटो दोन मिनिटांत बनवता येतो. खरं आहे, येतो. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि वर चष्म्याचा नंबर विचारला असता. ज्यांना मी असं विचारलं त्या सगळ्यांची आज माफी मागते. विहिरीवाल्या दादांची विशेष.

कोष झाले. चंद्रिकांवर, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळ्यांवर, कुठे रिकामी जागा दिसत नव्हती. काढणी झाल्यावर आत्याने खडा उचलला, धुतला आणि बांधावर नेऊन ठेवला. काम झालं की सोडायचा असतो. मी पावसाळ्याच्या बॅचला गेले तेव्हा मशीन लावल्यावर आपण होऊन बांधावर गेले. तिथे तसले शेकडो. आत्याला हाक मारून विचारलं, त्यातला तो कोणता?

"कोन्ता बी घे," ती लांबूनच म्हणाली. "आपन चौथा म्हनलं की झालं."

मी एक घेतला. फळीवर ठेवला. खोलीत कुणी नाही बघून हळूच म्हटलंही. यादी मागवली की तीनच ओळी येतात. रोज येतात. आणि रोज मी त्यांच्या खालच्या रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघते. याचं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही, आणि मी ते कुठे शोधायचं हेही आता सुचत नाही.

एक राहिलं. मागच्या आठवड्यात दादा म्हणाला, तुतीची रोपं आणायची आहेत, खालच्या अर्ध्या एकरात लावू. वहिनीने हातातलं काम टाकलं आणि चप्पल घातली. दादा, वहिनी आणि मी, तिघंच निघालो. आत्याने नेहमीप्रमाणे दादाच्या खिशात सुपारी घातली. गाडीत बसल्यावर त्याने ती काढली, आणि मला वाटलं आता टाकणार तोंडात. त्याने ती समोर काचेपाशी ठेवली. घसरू नये म्हणून खाली रुमालाची घडी केली. वेस गेली, पाटोदा आलं, तरी ती तिथेच होती.